गव्हाणीपासून पाळणाघरापर्यंत

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी गवत, बांबू आणि माती गोळा करून गोठा उभारू लागतात. गोठ्याच्या मधोमध गव्हाण असते आणि गव्हाणीत बाळ येशू. फ्रेंच भाषेत या गव्हाणीला 'क्रेश' म्हणतात. हाच शब्द आपल्या देशातील कामगार कायद्यांत आणि सरकारी योजनांत 'कामकरी मातांची मुले सांभाळण्याची जागा' या अर्थाने रूढ झाला आहे. मराठीत आपण तिला पाळणाघर म्हणतो. बेथलेहेमची गव्हाण कारखान्याच्या आवारात कशी येऊन पोहोचली, हा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. त्यात केवळ एका शब्दाची कथा नाही. आई कामावर गेली असता तिच्या मुलाला सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावा? आईने स्वतः, तिच्या मालकाने, दानशूर मंडळींनी, की साऱ्या समाजाच्या वतीने शासनाने? हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे, आणि आपल्यातील अनेक कुटुंबांना तो रोज सकाळी नव्याने सोडवावा लागतो.

शायो येथील पहिले पाळणाघर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस शहर झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे दाटीवाटीच्या खोल्यांत राहत. एकट्या नवऱ्याच्या मजुरीवर घर चालत नसे. म्हणून बायका धुणी धुण्यास, शिवणकामास किंवा कारखान्यात जात. मोठ्या मुलांसाठी शाळा होत्या. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आश्रयशाळा निघाल्या होत्या. १८२६ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या कार्यात एमिली माले ही प्रॉटेस्टंट महिला आणि देनी कोशँ हा कॅथलिक गृहस्थ यांचा पुढाकार होता. पंथभेदाच्या त्या काळात गरिबांच्या मुलांनी दोघांना एका कामावर एकत्र आणले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे १८३७ साली राजाज्ञेने या शाळा शासनाच्या देखरेखीखाली आल्या.

दोन वर्षांखालील मुलांसाठी मात्र काहीच नव्हते. ही उणीव फिर्मँ मार्बो या कॅथलिक वकिलाच्या लक्षात आली. तो पॅरिसच्या तत्कालीन पहिल्या विभागाच्या महापौराचा साहाय्यक होता. आश्रयशाळांचा अहवाल तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले असता त्याच्या मनात साधा प्रश्न उभा राहिला : या शाळेत येण्याइतके मूल मोठे होईपर्यंत त्याची आई काय करते? तो चौकशी करू लागला. कोणी तान्हुल्याला सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन करून जाई, कोणी शेजारच्या एखाद्या बाईकडे ठेवी. ती बाई एका कोंदट खोलीत अनेक मुले सांभाळी आणि त्यासाठी आईच्या मजुरीचा मोठा हिस्सा घेई. बरीच मुले दूरच्या खेड्यांत दाईकडे धाडली जात, आणि त्यांतील किती तरी परत येत नसत.

१४ नोव्हेंबर १८४४ रोजी शायो या वस्तीत मार्बोने पहिले पाळणाघर उघडले. प्रभू येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून त्याने त्याला 'क्रेश' हे नाव दिले. ज्या बाळाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही त्याच्या नावाने, ज्यांना शहरात जागा नाही अशा बाळांसाठी घर उघडावे, असा त्यामागील भाव होता. येथील नियम विचारपूर्वक केलेले होते. आई गरीब असावी, घराबाहेर कामास जाणारी असावी आणि तिची वर्तणूक चांगली असावी. अंगावर पिणाऱ्या मुलाला दूध पाजण्यासाठी तिने दिवसातून ठरलेल्या वेळी यावे. तिने रोज २० सांतीम द्यावेत. शेजारणीला द्याव्या लागणाऱ्या रकमेहून हे पैसे फारच कमी होते. पण आईला आपण भीक घेत आहोत असे वाटू नये म्हणून ते घेतले जात. बाकीचा खर्च देणग्यांतून भागविला जाई. रविवारी पाळणाघर बंद असे, कारण त्या दिवशी मुलाने आईजवळच असावे.

'चांगल्या वर्तणुकी'च्या अटीमुळे अविवाहित मातांची मुले बाहेर राहिली, हेही सांगितले पाहिजे. बेथलेहेमच्या गव्हाणीचे नाव घेणाऱ्या घराच्या दारात आईची वर्तणूक तपासली जावी, ही त्या काळाची मर्यादा होती.

मार्बोवर टीकाही झाली. काही डॉक्टरांना साथीच्या रोगांची भीती वाटली. काही नीतिवादी मंडळींचे म्हणणे असे की, अशा सोयींमुळे माता आपले कर्तव्य विसरतील आणि कुटुंबसंस्था ढासळेल. आजही हा आक्षेप आपल्या कानी पडतो. मार्बोचा युक्तिवाद सरळ होता. आई कामाला जाते ती पाळणाघर आहे म्हणून नव्हे. ती आधीपासूनच जाते, भाकरीसाठी जाते. ती गेल्यावर मूल कोणाच्या हाती राहील, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे.

दानधर्माची मर्यादा

मार्बोचा विचार फ्रान्समध्ये आणि फ्रान्सबाहेरही वेगाने पसरला. अनेक ठिकाणी धर्मभगिनींनी हे कार्य हाती घेतले. १८६२ साली शासनाने पाळणाघरांविषयी नियम केले आणि सम्राज्ञी युजेनीने त्यांचे आश्रयदातृत्व स्वीकारले. असे असूनही शतक संपेपर्यंत कामकरी मातांपैकी फार थोड्यांच्याच वाट्याला पाळणाघर आले. जेथे उदार देणगीदार आणि झटणाऱ्या भगिनी, तेथे पाळणाघर उभे राही. देणगीदार वारला, साथ आली, युद्ध आले की ते बंद पडे. गरज ज्या वस्तीत सर्वांत अधिक, तेथे देणगीदार सर्वांत कमी, हा दानधर्माचा जुना अनुभव आहे. प्रेमाने आरंभ होतो. पण ज्या गोष्टीची रोज सकाळी हजारो घरांना गरज पडते, तिला प्रेमाबरोबर नियमित पैसाही लागतो.

शासनाचे पहिले ठाम पाऊल देखरेखीच्या दिशेने पडले. १८७४ साली तेओफिल रूसेल या डॉक्टर असलेल्या लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नाने कायदा झाला. पैसे घेऊन दाईकडे ठेवलेले दोन वर्षांखालील प्रत्येक मूल सार्वजनिक देखरेखीखाली आले. मूल घरात असले तरी त्याच्या जिवाची काळजी ही समाजाचीही बाब आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य झाले. पुढे १८८१ साली जुन्या आश्रयशाळांचे रूपांतर शासकीय बालशाळांत झाले आणि त्या विनामूल्य झाल्या. फ्रान्समधील दोन-तीन वर्षांपासूनच्या मुलांची सोय तेव्हापासून शिक्षणव्यवस्थेचा भाग बनली. २०१९ पासून तर तेथे तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण सक्तीचे आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. शासन पुढे आले ते अनेकदा ख्रिस्तसभेला मागे लोटत आले. १८८६ च्या कायद्याने सरकारी शाळांतील धर्मभगिनींच्या जागी इतर शिक्षिका नेमण्याचे ठरले, आणि १९०४ साली धर्मसंघांना अध्यापनाचीच बंदी झाली. ज्या हातांनी पाळणे हलविले होते त्यांनाच दाराबाहेर काढण्यात आले. या आठवणीमुळे 'शासन मुलांची जबाबदारी घेणार' असे ऐकले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात शंका येते. ती शंका निराधार नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात त्यासाठीच एक कसोटी दिली आहे. कुटुंब आणि लहान समूह जे स्वतः करू शकतात ते मोठ्या सत्तेने त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये. मात्र त्यांना ते करता यावे म्हणून साहाय्य करणे हे सत्तेचे कर्तव्य आहे. कसोटीचा पूर्वार्ध आपल्याला नेहमी आठवतो. उत्तरार्ध तितका आठवत नाही.

ग्रेनोब्लचा धडा

खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे एक अतिशय चतुर उत्तर ग्रेनोब्ल शहरात सापडले. एमिल रोमाने हा श्रद्धावान कॅथलिक एका धातुकामाच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, महागाईने कामगार त्रस्त झाले असता त्याने काही कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी केली. एकट्या कामगाराला जी मजुरी पुरते ती चार मुलांच्या बापाला पुरत नाही, हे त्याला स्पष्ट दिसले. मुलांच्या संख्येप्रमाणे कामगारांना भत्ता द्यावा, असे त्याने मालकाला पटविले.

आता एक अडचण उभी राहिली. असा भत्ता देणारा मालक पुढच्या वेळी कोणाला नोकरीवर घेईल? अर्थात ज्याला मुले नाहीत त्याला. मुलांच्या कल्याणासाठी काढलेला भत्ताच मुलांच्या बापाची नोकरी घालवील! म्हणून १९१८ साली ग्रेनोब्लच्या मालकांनी एक सामाईक निधी उभारला. प्रत्येक मालकाने ठरलेला वाटा निधीत भरावा, मग त्याच्या कामगारांना मुले असोत वा नसोत. आणि भत्ता निधीतून दिला जावा. त्यामुळे मुले असलेला कामगार मालकाला महाग पडेनासा झाला. ही युक्ती इतकी यशस्वी ठरली की १९३२ च्या कायद्याने असा निधी उद्योग आणि व्यापारातील मालकांना बंधनकारक झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सामाजिक सुरक्षेच्या व्यवस्थेत सामावला गेला. १९७० च्या दशकापासून याच कुटुंबनिधीतून पाळणाघरांच्या चालू खर्चाला नियमित साहाय्य मिळू लागले. आईबापांना आपल्या मिळकतीच्या मानाने शुल्क द्यावे लागते. उरलेला भार निधी आणि नगरपालिका उचलतात.

फ्रान्समध्ये सर्व काही आलबेल आहे असे मात्र नाही. तीन वर्षांखालील मुलांसाठी जागा अजूनही अपुऱ्या पडतात. २०२२ साली लिऑन शहरातील एका खाजगी पाळणाघरात एका अर्भकाचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि शासकीय निरीक्षकांनी २०२३ साली पाळणाघरांच्या गुणवत्तेविषयी गंभीर अहवाल दिला. सांभाळणाऱ्यांची संख्या कमी, पगार कमी आणि नफ्याची ओढ अधिक, अशी स्थिती झाली की सरकारी पैसा असूनही मूल सुरक्षित राहत नाही. पैशाबरोबर देखरेख हवी, हा त्यातील बोध आहे.

मुंबईच्या गिरण्या

आता आपण आपल्या भूमीकडे वळू. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत गिरणगाव वसले. कोकणातून, देशावरून आलेली कुटुंबे चाळींत राहू लागली. बायका मुख्यत्वे वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. गावात आजी होती, आत्या होती, अंगण होते. चाळीतील दहा फुटांच्या खोलीत यांपैकी काहीच नव्हते. पॅरिसच्या आईपुढे जो प्रश्न उभा होता तोच येथील आईपुढे उभा राहिला, आणि तिला त्याचे एक भयानक उत्तर सापडले. ते म्हणजे बाळागोळी. अफू घातलेली ही गोळी चारून मूल गुंगीत ठेवले की भोंग्यापासून भोंग्यापर्यंत ते रडत नसे. इंग्लंडमधील गिरणी कामगारांच्या वस्त्यांत अशाच अफूच्या औषधाचा सर्रास वापर होत असे. दोन्ही देशांतील माता क्रूर होत्या असे कोण म्हणेल? त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. मात्र स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकालाही होतो, तेव्हा त्यालाही सर्वस्वी मोकळे सोडता येणार नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. भारतात या विषयावरील तो पहिलाच. बाबासाहेबांनी मांडलेला सरकारच्या वाट्याचा विचार मात्र त्यात उतरला नाही. पैसे मालकाने द्यावयाचे होते.

पाळणाघरांचेही तसेच झाले. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना अधिकार दिला की, पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली राखून ठेवावयास सांगावे. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या पन्नासवरून तीसवर आणली गेली. हेतू उदात्त होता. परंतु ग्रेनोब्लचा धडा येथे कोणी गिरविला नाही. तीसहून अधिक स्त्रिया असतील तरच पाळणाघर, आणि त्याचा सर्व खर्च त्या मालकाच्या माथी! हिशेबी मालक काय करील? तो एकतिसावी बाई घेणारच नाही. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण विसाव्या शतकात सतत घटत गेले. त्यास नवी यंत्रे, रात्रपाळीची बंदी अशी अनेक कारणे होती. तथापि स्त्रीकामगार 'महाग' पडते, ही मालकांची समजूतही त्यांपैकी एक होती.

विशेष असे की, त्याच १९४८ साली दुसरा एक कायदा झाला, तो कामगार राज्य विमा योजनेचा. त्यात मालक आणि कामगार दोघेही सामाईक निधीत वर्गणी भरतात, आणि बाळंतपणातील भरपगारी रजेचा पैसा त्या निधीतून मिळतो. बाई बाळंत झाली म्हणून तिच्या मालकाच्या खिशातून वेगळा पैसा जात नाही. म्हणजे खर्च वाटून घेण्याची रीत आपल्या देशाला ठाऊक होती. बाळंतपणासाठी ती वापरली गेली. बाळासाठी मात्र नाही.

अंगणात आलेली शाळा

कारखान्यांच्या फाटकाबाहेरील मुलांचे काय? याचे उत्तर शोधण्याचा मान आपल्या पालघर परिसराला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. थोड्याच दिवसांत या दोघींच्या ध्यानात आले की गावातील सुस्थित घरांची मुले बालवाडीत येतात, परंतु दलित आणि आदिवासी पाड्यांतील मुले येत नाहीत. तेव्हा मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले. अंगणवाडी ती हीच. १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य गेले. तेथे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. थोरली मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. धाकट्याला पाळणा मिळाला तेव्हा थोरलीला पाटी मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शालापूर्व शिक्षण अशा सेवा तिच्यातून गावोगाव पोहोचल्या. या योजनेचे उपकार फार मोठे आहेत. परंतु कोसबाडच्या विचारातील पाळणाघर तेवढे मागे राहिले. अंगणवाडी दिवसातील काही तास चालते; आईचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालते. तीन वर्षांखालील मुलासाठी आहाराची पाकिटे घरी मिळतात, पण त्याला दिवसभर सांभाळणारे कोणी मिळत नाही. शिवाय अंगणवाडी ताईंना वेतन न म्हणता 'मानधन' दिले जाते. त्यांना निवृत्तीच्या वेळी उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे ठरावयास २०२२ साल उजाडावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते, आणि ते करणाऱ्या बायांची तान्ही मुले धुळीत पडलेली होती. ते दृश्य पाहून त्यांना हे कार्य सुचले. १९७० च्या दशकाच्या मध्यास केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांमार्फत पाळणाघरांना अनुदान देणे सुरू केले. २००६ साली त्या योजनेला राजीव गांधी यांचे नाव मिळाले. २०१७ साली खर्चाची विभागणी बदलून राज्यांवर भार टाकला गेला, तेव्हा पाळणाघरांची संख्या मोठ्या प्रमाणात रोडावली. २०२२ साली 'पाळणा' या नावाने योजना पुन्हा उभी करण्यात आली असून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना तिच्यात आहे. कोसबाडला जे सुचले होते, त्याकडे शासन साठ-पासष्ट वर्षांनी परत आले असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्यातही सुधारणा झाली. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. येथे केवळ स्त्रिया न मोजता सर्व कर्मचारी मोजले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या श्रमसंहितांनीही तेच धोरण ठेवले आहे. मूल फक्त आईचे नसून बापाचेही आहे, हे कायद्याला इतक्या वर्षांनी मान्य झाले, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु खर्च अद्याप एकेकट्या मालकावरच आहे, आणि पन्नासांहून लहान जागा कायद्याच्या बाहेर आहेत.

आपली कुटुंबे आणि आपले कर्तव्य

बाहेर राहिलेल्या या लोकांत आपलेच बंधुभगिनी आहेत. वसईहून भाजीची टोपली घेऊन पहाटेची गाडी धरणारी, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी, दुकानात किंवा लहानशा गाळ्यात उभी राहून काम करणारी आई कोणत्याही कलमात बसत नाही. नगर, बीडकडील आपली ऊसतोड कुटुंबे दर हंगामात साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्यांचे तान्हे मूल बांधावर, उसाच्या पाचटाजवळ झोपलेले असते. आजवर ही जबाबदारी आपल्या आज्यांनी उचलली. परंतु आजी गावी आणि सून शहरात, किंवा आजीलाही कामावर जावे लागते, अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत.

ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी काय सांगते? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम' या विश्वपत्रात स्त्रीचे स्थान मुख्यतः घरात मानले होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या विश्वपत्रात दोन गोष्टी एकत्र मांडल्या. कुटुंबाला पुरेल इतके वेतन किंवा कुटुंबभत्ता मिळावा, म्हणजे गरजेपोटी कोणत्याही आईला तान्हे मूल टाकून जावे लागणार नाही; आणि ज्या स्त्रिया काम करतात त्यांच्या कामाची रचना अशी व्हावी की त्यांना आपले मातृत्व गमवावे लागू नये. १९९५ च्या स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी समान वेतनाची आणि नोकरी करणाऱ्या मातांच्या संरक्षणाची मागणी अधिक स्पष्ट शब्दांत केली. घरी राहून मूल वाढविणाऱ्या आईचा आदर आणि कामावर जाणाऱ्या आईला आधार, या दोन्ही गोष्टी एकाच शिकवणीतून येतात. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करणे योग्य नाही.

इतिहासाने आपल्याला तीन गोष्टी शिकविल्या आहेत. केवळ दानावर पाळणाघर टिकत नाही. केवळ मालकावर भार टाकला तर स्त्रीचीच नोकरी जाते. आणि शासनाने सर्व काही आपल्या हाती घेऊन कुटुंबाला व सेवाभावी संस्थांना बाजूस सारले, तर पाळण्याजवळची माया हरवते. तेव्हा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, देखरेख शासनाने करावी आणि सेवा मुलाच्या घराजवळच्या माणसांनी करावी, हाच मार्ग उरतो. ही शासनाकडे मागितलेली भीक नव्हे. आजची तान्ही मुले उद्या साऱ्या देशाचा भार वाहणार आहेत. त्यांचा भार आज देशाने थोडा वाहिला तर त्यात उपकार कसला?

आपल्या धर्मग्रामांपुरते बोलावयाचे तर काही गोष्टी आजही करता येतील. आपल्या गावातील अंगणवाडीला पाळणाघर जोडावे, अशी मागणी ग्रामसभेत किंवा प्रभागातील नगरसेवकाकडे करता येईल. एकट्या आईने मागितले तर कोणी ऐकत नाही. शंभर कुटुंबांनी मागितले तर ऐकावे लागते. धर्मग्रामाचे जे सभागृह आठवड्याचे बरेच दिवस कुलूपबंद असते ते या कार्यासाठी देण्याचा विचार धर्मग्राम मंडळांनी करावा. सर्व धर्मांच्या मुलांसाठी ते खुले असावे. सांभाळणाऱ्या ताईला पुरेसे वेतन आणि प्रशिक्षण मिळावे, याचा आग्रह आपण धरावा. ज्या बाईच्या हाती आपण आपले मूल सोपवितो तिच्या घरी चूल पेटते की नाही, याची चौकशी करणे हा मुलाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. आणि सून कामावर जाते म्हणून तिला टोचून बोलणाऱ्या घरांत, 'ती गेल्यावर बाळाला कोण पाहते?' हा मार्बोचा प्रश्न एकदा तरी विचारला जावा. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी बापावर, घरावर, धर्मग्रामावर आणि सरकारवर सारखीच आहे.